वेगळ्या चुलीचा हिशेब

इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातला एक छोटा चीज-व्यापारी २०२१ साली तिथल्या वर्तमानपत्रांत बराच गाजला. त्याचा धंदा साधा होता. मेणाच्या आवरणातले चीज सुरेख पेटीत बसवायचे आणि टपालाने घरपोच पाठवायचे. २५-३० पौंडांची ही भेटपेटी युरोपातली माणसेही हौसेने मागवत. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेच्या बाहेर गेले आणि या पेटीसोबत सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य-दाखला जोडणे सक्तीचे झाले. दाखल्याचा खर्च १८० पौंड, आणि तोही प्रत्येक खेपेला. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही आपली म्हण. इथे मसाला कोंबडीच्या सहा-सातपट महाग निघाला. युरोपातल्या गिऱ्हाइकांना पेट्या पाठवणे त्याला थांबवावे लागले.

बँकेतल्या नोकरीत माझी बरीच वर्षे परकीय चलनाच्या टेबलावर गेली. निर्यातदार कागदांचा गठ्ठा घेऊन येत. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, विम्याचा कागद, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. एका कागदावर 'खोकी' आणि दुसऱ्यावर 'पेट्या' असे पडले, तरी परदेशातली बँक तेवढ्यावरून पैसे अडवून धरू शके. त्या टेबलावर एक गोष्ट पक्की कळली. कागदाला मालाचे वजन कळत नाही. दहा लाखांच्या मालाला जेवढे कागद, जवळजवळ तेवढेच दहा हजारांच्या मालाला. मोठ्या कारखानदाराकडे त्यासाठी चार माणसांचे वेगळे खाते असते. छोटा माणूस दुकानाला कुलूप लावून स्वतः रांगेत उभा राहतो.

ब्रिटनने युरोपियन युनियन सोडले, त्याची चर्चा नेहमी मोठ्या शब्दांत होते. सार्वभौमत्व, अस्मिता, इतिहास. ते शब्द खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. पण घरच्या किराण्याच्या यादीवर आणि कोपऱ्यावरच्या दुकानावर या साऱ्याचा काय परिणाम झाला, हे पाहायचे तर टेबलावरचा तो गठ्ठाच सोडून पाहावा लागतो.

व्यापारी संघ म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला अर्थशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवरच्या मालट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते ठाऊक आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला त्या दिवशी, गेली. तोवर जकातीचे पैसे हा खर्चाचा एक भाग होता. ट्रकचा खोळंबा, दलालाची फी, नासलेला माल आणि वाया गेलेला दिवस हा दुसरा. पावतीवर पहिलाच दिसे. भाजीच्या भावात दोन्ही येत.

युरोपातल्या देशांनी असेच नाके एकेक करून उठवले. १९५७ च्या रोम करारातल्या सहा देशांनी १९६८ साली आपापसातली जकात काढली. ब्रिटन त्यांच्यात १ जानेवारी १९७३ ला आले. १ जानेवारी १९९३ पासून एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि मालाच्या सरहद्दीवरच्या तपासण्याही गेल्या. नाशिकचा भाजीचा ट्रक जसा वाशीच्या बाजारात येतो, तसा स्पेनचा टोमॅटो मँचेस्टरला येऊ लागला. एका देशात विकायला योग्य ठरलेली वस्तू सहसा बाकीच्या देशांतही योग्य, हा त्या व्यवस्थेचा गाभा. त्यात एक अख्खी पिढी वाढली. दुकानात इटलीचे चीज, हॉलंडची फुले आणि स्कॉटलंडचा मासा शेजारी शेजारी का दिसतात, असा प्रश्न तिला कधी पडला नाही.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युनियनमधून निघाले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संक्रमणाची मुदत संपून बाजारपेठेतूनही बाहेर पडले. त्याआधी नाताळच्या आदल्या दिवशी बाराशेहून अधिक पानांचा करार ठरला. त्याचे ठळक कलम असे, की दोघांच्या मालावर दोघांकडेही जकात शून्य आणि कोटाही नाही. ते वाचून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जकातच नाही, मग तक्रार कसली?

तक्रार होती 'दोघांच्या मालावर' या शब्दांत. माल नेमका कुणाचा, हे आता सिद्ध करायचे होते. ब्रिटनमध्ये पर्सी पिग नावाची, गुलाबी डुकराच्या तोंडवळ्याची एक लाडकी गोळी मिळते. ती विकते मार्क्स अँड स्पेन्सर, पण बनते जर्मनीत. जर्मनीहून ती ब्रिटनच्या गोदामात येते आणि तिथून आयर्लंडच्या दुकानांत जाते. जर्मनी युनियनमध्ये, आयर्लंडही युनियनमध्ये. पण मधल्या मुक्कामात गोळीवर काहीच प्रक्रिया झालेली नाही, म्हणून ती ब्रिटिश ठरत नाही आणि जकातमाफी मिळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द कंपनीच्या प्रमुखानेच हा पेच जाहीरपणे सांगितला. पोरांच्या गोळीला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा प्रश्न पडलेला पाहून माझ्यातला जुना बँकवाला हसला, पण हसणे फार वेळ टिकले नाही. मार्क्स अँड स्पेन्सरकडे वकील आहेत, जकाततज्ज्ञ आहेत. ज्याच्याकडे नुसती गोळ्यांची बरणी आहे त्याने काय करायचे?

त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या बंदरावर ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांच्या डब्यातली हॅम सँडविचेस जकात अधिकाऱ्यांनी काढून घेतली, ते दृश्य जगभर दाखवले गेले. ब्रिटन आता तिऱ्हाईत देश झाला होता, आणि तिऱ्हाईत देशातून मांस किंवा दूधदुभत्याचे पदार्थ आणायला मनाई आहे. नियम नवा नव्हता. दाराच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत, ते तेवढे बदलले होते.

दाराची बाजू बदलल्याचा खरा फटका मासळीवाल्यांना बसला. कालवे आणि शिंपले जिथे काढले जातात, त्या पाण्याची स्वच्छतेनुसार प्रतवारी असते. ब्रिटनच्या 'ब' वर्गातल्या पाण्यातला जिवंत माल पूर्वी तसाच युरोपात जाई आणि तिकडे शुद्ध केला जाई. तिऱ्हाईत देशाला ती सवलत नाही. माल आधी शुद्ध करूनच पाठवायचा. आता शुद्धीकरणाच्या टाक्या बांधायला भांडवल लागते आणि ताज्या मालाचे आयुष्य तेवढ्या दिवसांनी कमी होते. जानेवारी २०२१ मध्ये मासळीवाल्यांनी निषेध म्हणून आपले ट्रक थेट लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांसमोर आणून उभे केले. यातली खोच अशी, की ब्रिटिश माणूस जो कॉड मासा चिप्ससोबत खातो, तो बव्हंशी बाहेरून येतो आणि ब्रिटिश कोळी जे पकडतो, त्यातले बरेचसे बाहेर जाते. समुद्र आपला झाला, पण बाजार समुद्रापलीकडेच राहिला.

छोट्यांची अडचण आणखी एका ठिकाणी होते. ज्याच्याकडे अख्खा ट्रक भरण्याइतका माल नसतो, तो दुसऱ्यांच्या मालासोबत आपली चार खोकी देतो. आपल्याकडेही ट्रान्सपोर्टवाले अशी पाच-पंचवीस व्यापाऱ्यांची खोकी एकत्र करून गाडी भरतात. सरहद्दीवर त्यातल्या एकाचा जरी कागद चुकला, तरी सारी गाडी थांबते. तेव्हा वाहतूकदार छोट्यांचा माल घ्यायलाच कां-कू करतो, किंवा त्याचे वाढीव पैसे लावतो. उलट दिशेने येणाऱ्या मालाची तपासणी ब्रिटनने अनेकदा पुढे ढकलली. अखेर ३० एप्रिल २०२४ पासून ती सुरू झाली, आणि डोव्हर बंदरातून किंवा समुद्राखालच्या बोगद्यातून येणाऱ्या वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य मालाच्या एकेका खेपेवर १४५ पौंडांपर्यंत आकार लावण्यात आला. सुपरमार्केटच्या भरलेल्या ट्रकला हा आकार किरकोळ. इटलीहून दोन-चार पेट्या सॉसेज आणि चीज मागवणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा त्यात नफाच उडतो.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२४ च्या अखेरीस हिशेब मांडला, तेव्हा नव्या करारानंतर सुमारे १६,४०० ब्रिटिश कंपन्यांनी युरोपियन युनियनला माल पाठवणे थांबवल्याचे दिसले. मोठ्या कंपन्यांची निर्यात फारशी ढळली नाही. गळाले ते छोटे. बँकेत बसून मी जे पाहत असे, तेच हे मोठ्या प्रमाणावर झालेले.

आता स्वयंपाकघराकडे वळू. सार्वमताचा निकाल लागला त्या रात्रीच पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्माइटवरून गंमत झाली. मार्माइट म्हणजे यीस्टपासून केलेला काळा, खारट पदार्थ. इंग्रज माणूस तो सकाळी टोस्टला लावतो. युनिलिव्हरने भाव वाढवून मागितले, टेस्कोने नकार दिला आणि मार्माइट काही काळ टेस्कोच्या ऑनलाइन दुकानातून गायब झाले. वाद लगेच मिटला. पण इंग्लंडातच बनणाऱ्या वस्तूचाही भाव चलनाबरोबर हलतो, हे त्या दिवशी घरोघर कळले.

पुढे त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी अंदाज केला, की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नव्या अडथळ्यांमुळे सरासरी ब्रिटिश कुटुंबाचा अन्नावरचा खर्च २१० पौंडांनी वाढला. खात्यापित्या घराला ही रक्कम जाणवणारही नाही. पण ज्याच्या मिळकतीतला मोठा हिस्सा जेवणावरच जातो, त्याला ती जाणवते.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रिटनमधली सगळीच महागाई या निर्णयाच्या खात्यावर टाकता येणार नाही. मध्ये करोनाची साथ आली, मग २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले. मार्च २०२३ मध्ये तिथली अन्नाची महागाई १९ टक्क्यांवर गेली खरी, पण युनियनमध्येच असलेल्या जर्मनीत ती त्या महिन्यात २० टक्क्यांच्याही वर होती. त्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सुपरमार्केटांनी टोमॅटो-काकडीचे रेशनिंग केले, त्याचे मुख्य कारण स्पेन आणि मोरोक्कोतले खराब हवामान. ज्याला त्याला 'ब्रेक्झिट' म्हणणारे आणि कशालाच न म्हणणारे, दोघांचेही जमाखर्च कच्चे आहेत.

आणि एकत्र राहण्याचीही किंमत असते, हे आपल्या कोकणाइतके कुणाला माहीत? १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतातला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. आदल्या वर्षीच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. युरोपात आपल्या आंब्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ब्रिटन. तेव्हा ऐन मोसमात हापूसची पेटी लंडन-लेस्टरच्या दुकानांतून नाहीशी झाली. ब्रिटिश कृषी खात्याने बंदीची पाठराखण केली, कारण तिथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीला किडीचा धोका होता. पण लेस्टरच्या दुकानदाराला मात्र एवढेच दिसत होते, की आपला आंबा ब्रसेल्समध्ये कुणीतरी अडवला आहे. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. त्याआधी २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडल्याने आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, ते नाशिककर विसरलेले नाहीत. सत्तावीस-अठ्ठावीस घरांच्या स्वयंपाकघरात एकाच्या आवडीचे मीठ पडत नाही. 'आमचे आम्ही ठरवू' या हाकेला लोक ओ देतात, ते काही वेडे म्हणून नव्हे.

बाहेर पडल्यावर ब्रिटनला स्वतःचे करार करता आले, हेही खरे. २४ जुलै २०२५ ला भारताबरोबरच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरची आपली १५० टक्क्यांची आयात जकात त्यात आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायची आहे. पण भूगोल कुणाला बदलता येत नाही. ब्रिटनच्या निर्यातीतला ४० टक्क्यांहून अधिक हिस्सा आजही शेजारच्या युनियनलाच जातो. ताजा मासा आणि जिवंत शिंपले मुंबईला पाठवून चालत नाहीत.

भाऊ वेगळे झाले की वाटणीत जमीन कापता येते, विहीर कापता येत नाही. ती सामाईक राहते आणि पुढची सारी भांडणे तिच्या काठावर होतात. ब्रिटनची अशी विहीर म्हणजे उत्तर आयर्लंड. तिथे अनेक वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ साली शांतता करार झाला. त्यामुळे आयर्लंड बेटाच्या मधोमध पुन्हा नाके उभारणे कुणालाच नको होते. मग नाका समुद्रात गेला. इंग्लंडहून बेलफास्टला, म्हणजे आपल्याच देशात, सॉसेज पाठवण्यावरून २०२१ मध्ये मोठे रण माजले. मुळांना ब्रिटनची माती लागली आहे म्हणून रोपवाटिकांची रोपे अडली. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने बराच तिढा सोडवला; तिथेच राहणाऱ्या मालाला हिरवी वाट, पुढे आयर्लंडला जाणाऱ्याला लाल वाट. आता ब्रिटनमधल्या दुधा-मांसाच्या कितीतरी पाकिटांवर 'युरोपियन युनियनसाठी नाही' असा शिक्का दिसतो. एका सार्वमताची सही घरातल्या फ्रिजपर्यंत पोचली, ती अशी.

या साऱ्यात मला अस्वस्थ करते ते निराळेच. मत कुणी दिले आणि भुर्दंड कुणाला पडला, हे नकाशावर ताडून पाहावे. लिंकनशायरमधले बॉस्टन हे भाजीपाल्याच्या शेतीचे गाव. तिथली कोबी-फ्लॉवरची तोडणी पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांच्या हातांवर चाले. तिथे ७५.६ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचे मत दिले, सबंध देशात सर्वाधिक. त्यांचेही दुखणे होते: वाढलेली घरभाडी, भरलेल्या शाळा, दवाखान्यातल्या रांगा. पण शेतातली तोडणी थांबत नाही. पुढे सरकारला हंगामी मजुरांसाठी वर्षाला ४५,००० पर्यंत व्हिसा काढावे लागले, आणि नेपाळ, इंडोनेशिया, किर्गिझस्तानहून माणसे आली. करी-रेस्टॉरंटवाल्यांना प्रचारात सांगितले होते, की युरोपचा लोंढा थांबला की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा सुलभ होईल. २०२४ साली कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ३८,७०० पौंडांवर गेली. छोट्या हॉटेलात एवढा पगार कोण देणार?

भावनेच्या बाजूचा जमाखर्चही पाहून घ्यावा. युरोपचे किलो-लिटर जाऊन आपले पौंड-औंस परत येणार, याचे काही लोकांना केवढे अप्रूप होते! आपल्याकडच्या जुन्या माणसांना शेर-पायलीचे वाटते तसेच. सरकारने २०२२ मध्ये लोकांचे मत मागवले. एक लाखावर उत्तरे आली आणि त्यांतल्या ९८.७ टक्के लोकांनी मेट्रिक मापांचीच बाजू घेतली. तो बेत सोडून द्यावा लागला. पिंटाच्या मापात वाईन विकायची परवानगी तेवढी मिळाली.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युनियन यांनी अन्न, प्राणी आणि वनस्पती यांच्या तपासण्या कमी करण्याच्या करारासाठी बोलायचे ठरवले. त्यासाठी ब्रिटनला युरोपचे नियम बऱ्याच अंशी मानावे लागतील, आणि ते नियम ठरवताना त्याला मत नसेल. पूर्वी निदान पंगतीत पान होते.

यावरून 'कुणी कधी वेगळे होऊच नये' असे मला म्हणायचे नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारताने आशियातल्या 'आरसेप' या मोठ्या व्यापार करारात न जाण्याचे ठरवले. तेव्हा न्यूझीलंडच्या स्वस्त दूध भुकटीच्या धास्तीने आपल्याकडचा दूधवाला शेतकरी काळजीत होता, आणि त्या निर्णयाने त्याला हायसे वाटले. पण जे लग्न ठरलेच नाही ते मोडणे वेगळे आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा संसार मोडणे वेगळे. ४७ वर्षांत दुकानदाराची उधारी, ट्रकवाल्याचा मार्ग आणि चीजवाल्याचे गिऱ्हाईक त्या एका बाजारपेठेभोवती विणले गेले होते. ते धागे मतपत्रिकेवर छापलेले नव्हते.

बँकेत कर्जाच्या कागदावर सही घेण्यापूर्वी व्याज, हप्ता, दंड हे सारे ऋणकोला वाचून दाखवायचे, असा नियम असे. कर्ज घ्यावे की नाही, हा त्याचा अधिकार. आकडा ऐकण्याचा हक्कही त्याचाच. देशांचे मोठे निर्णय घेताना हे वाचून दाखवणे नेमके राहून जाते. स्वाभिमानासाठी माणसे किंमत मोजायला तयार असतात, आणि त्यात गैर काहीच नाही. त्यांना ती आधी सांगितली पाहिजे, आणि ती कुणाच्या खिशातून जाणार तेही सांगितले पाहिजे. उद्या आपल्याकडे कुणी एखाद्या व्यापार करारात शिरण्याची किंवा त्यातून निघण्याची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी किंवा निषेधाचे फलक उचलण्याआधी आपण एवढेच विचारावे: छोट्या माणसाला यापुढे किती कागद भरावे लागतील, आणि एकेका कागदाला किती पैसे पडतील?